मायटर सॉचं पातं बदललं की लेझर का चुकतो आणि तो नेमका कुठे लावायचा

प्रश्न थोडक्यात असा: १० इंची मायटर सॉवर (लाकूड आडवं किंवा कोनात कापणाऱ्या यंत्रावर) आधी २.८ मिमी काप घेणारं पातं होतं. लेझरची रेघ त्याच्या डाव्या कडेला लावलेली होती आणि डावीकडचा तुकडा मापात येत होता. मोटर उजवीकडे, पात्याचा बोल्ट डावीकडे. आता २.४ मिमीचं पातळ पातं चढवलं, तर तोच डावा तुकडा जवळजवळ अर्धा मिमी लांब येतो. लेझर पुन्हा कसा जुळवायचा? आणि तो एकदाचा पात्याच्या मधोमध लावला तर ही कटकट कायमची मिटेल का?

मधोमध तर लावूच नका. तिथे रेघ ना डाव्या तुकड्याची असते ना उजव्याची. दोन्हीकडे अर्धा काप मनात धरून काम करावं लागतं आणि पातं बदललं की हा अर्धाही बदलतो. लेझर पात्याच्या एकाच कडेला लावायचा, पण कुठली कड हे नीट ठरवून. तुमच्या यंत्रावर ती उजवी, म्हणजे मोटारीकडची कड आहे. सध्या रेघ नेमकी उलट्या बाजूला आहे, म्हणून पातं बदलल्याबरोबर माप हललं.

पात्यावर छापलेले आकडे वाचले की कारण कळतं. २५४ × ३० × २.८/२.० असं लिहिलेलं असेल तर २५४ हा व्यास, ३० हे मधलं भोक, २.८ ही दातांची रुंदी म्हणजे लाकडात पडणारा काप, आणि २.० ही पत्र्याची जाडी. दात पत्र्यापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडे बाहेर असतात. इथे एका बाजूला ०.४ मिमी. आता पातं बसतं कसं ते बघा. मोटारीच्या बाजूला शाफ्टवर आतला फ्लँज, म्हणजे पात्याला टेकणारी चकती असते, ती जागची हलत नाही. पत्र्याची आतली बाजू तिला टेकते, मग बाहेरचा फ्लँज आणि बोल्ट. पातं जाड असो वा पातळ, मोजमाप सुरू होतं ते आतल्या फ्लँजपासून.

आतल्या फ्लँजचा चेहरा शून्य धरा. २.८/२.० च्या पात्याचे दात आतल्या बाजूला शून्याच्या ०.४ मिमी अलीकडे येतात आणि बाहेरच्या बाजूला २.४ मिमीवर संपतात. २.४/१.६ चं पातळ पातं लावलं तर आतली कड पुन्हा ०.४ वरच, बाहेरची मात्र २.० वर. ३.२/२.२ चं जाड पातं असेल तर आतली ०.५, बाहेरची २.७. आतली कड सगळ्या पात्यांत मिळून ०.१ मिमी हलते, बाहेरची ०.७ मिमी हलते. तुमची रेघ बाहेरच्या कडेला होती, ती कड ०.४ मिमी आत सरकली आणि डावा तुकडा तेवढाच लांब झाला. लेझर बिघडलेला नाही.

त्यामुळे दोन रस्ते उरतात. रोज एकच पातं वापरणार असाल तर रेघ कुठल्याही कडेला लावा, जी बाजू हाताला सोयीची तिकडे. पण प्लायसाठी ८० दातांचं, सागवानासाठी ४० दातांचं, अ‍ॅल्युमिनियम सेक्शनसाठी तिसरंच अशी पाती आलटून-पालटून चढवत असाल तर रेघ मोटारीकडच्या कडेलाच हवी. कामाचा तुकडाही मग त्याच बाजूला ठेवायची सवय लावावी लागते. उजव्या हाताने यंत्र चालवणारे लाकूड सहसा डाव्या हाताने धरतात आणि डावा तुकडा मापाचा ठेवतात. त्यांना हे सुरुवातीला उलटं वाटेल. ते जमत नसेल तर दर पात्यामागे रेघ सरकवणं आलं. तेही वाईट नाही, पाच मिनिटांचं काम आहे, फक्त विसरता कामा नये.

एक अपवाद. काही यंत्रांवर वेगळा लेझर नसतो, तर बाहेरच्या फ्लँजच्या जागी बसणारी गोल लेझर-चकती बाजारातून आणून लावलेली असते. तिच्यात बटण सेल असतात, पातं फिरायला लागलं की ती आपोआप पेटते. ही चकती पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला टेकते, म्हणून पातं पातळ झालं की तीही सोबत आत येते. तिच्या बाबतीत हिशेब उलटा: बाहेरची कड आणि रेघ यांतलं अंतर जवळपास कायम राहतं, आतली कड मात्र हलते. ही रेघ पात्याच्या कडेवर पडतच नाही, थोडी बाजूला पडते आणि ते अंतर बदलायला स्क्रू नसतो. एकदा काप घेऊन अंतर मोजायचं, यंत्रावर लिहून ठेवायचं आणि तेवढं सोडून माप लावायचं, एवढंच हातात असतं. शिवाय ती फ्लँजपेक्षा जाड असेल तर बोल्टचे आटे पुरेसे पकडत नाहीत. बोल्ट आधी जितके फेरे आत जात होता त्यापेक्षा दोन-तीन फेरे कमी जात असेल तर ती चकती त्या यंत्रावर वापरू नका. बाकी सगळं उत्तर यंत्राच्या डोक्यावर (मोटर आणि पातं असलेला, वर-खाली होणारा भाग), पात्याच्या मागे किंवा वर बसवलेल्या लेझरबद्दल आहे.

लेझरला हात लावण्याआधी

यंत्र स्वतः काटकोनात नसेल तर लेझर जुळवणं व्यर्थ. फेन्सला (लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या आडाला) आणि पात्याला गुण्या लावून बघा. गुण्याची पट्टी दातांवर नको, दोन दातांच्या मधल्या पत्र्यावर टेकली पाहिजे, कारण दात पत्र्यापेक्षा बाहेर आलेले असतात आणि गुण्या खोटं सांगतो. मग टेबलाला आणि पात्याला तसाच लावा. खात्रीसाठी १०० मिमी रुंदीची, कडा समांतर असलेली पट्टी फेन्सला लावून आडवी कापा, एक तुकडा उलथा करा आणि दोन्ही कापलेल्या बाजू एकमेकींना भिडवा. फेन्सला टेकलेल्या कडा सरळ पट्टीला लावून धरा. भेग दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. अर्ध्या अंशाची चूक १०० मिमीत जवळपास ०.९ मिमी होते, उलथल्यावर १.७ मिमी. एवढी भेग डोळ्याला लगेच कळते.

पातं काढाल तेव्हा दोन्ही फ्लँज पुसा. मेणचट भुसा, सागवानाचा तेलकट थर, पात्याला चिकटलेला फेव्हिकॉल, यातलं काहीही आतल्या फ्लँजवर राहिलं की पातं वाकडं बसतं, फिरताना लहरतं आणि छापलेल्या आकड्यापेक्षा रुंद काप पडतो. बहुतेक मायटर सॉचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. जोर लावण्याआधी यंत्रावरचा बाण बघा.

आता खरा काप किती पडतो ते मोजा, छापील आकड्यावर जाऊ नका. १८ मिमी प्लाय किंवा एमडीएफचा १५० मिमी रुंद तुकडा क्लॅम्पने फेन्सला पक्का करा आणि आरपार न जाता ५ ते ८ मिमी खोल खाच घ्या. सरकत्या डोक्याच्या यंत्रात खोलीचा स्टॉपर असतो, तो लावा. न सरकणाऱ्या यंत्रात पातं वर्तुळाकार खाच पाडतं. २५४ मिमीच्या पात्याने ४ मिमी खोल गेलात तर खाच साधारण ६० मिमी लांब, ८ मिमी गेलात तर ९० मिमीच्या आसपास. रेघ समांतर आहे का हे बघायला लांबी हवी, म्हणून न सरकणाऱ्या यंत्रावर ८ मिमी घ्या. स्विच सोडा, पातं पूर्ण थांबू द्या, मगच डोकं वर उचला. फिरतं पातं उचलताना हात जरा जरी हलला तरी खाचेची कड कुरतडली जाते आणि मग तुम्ही लेझर कुरतडलेल्या कडेला जुळवत बसता.

खाचेची रुंदी व्हर्नियरच्या वरच्या छोट्या जबड्यांनी, पृष्ठभागालगत मोजा. २.४ च्या पात्याची खाच २.४ ते २.५ यायला हवी. २.८ किंवा ३ येत असेल तर पातं लहरतंय: फ्लँज घाण, पत्रा वाकलेला, किंवा शाफ्टचं बेअरिंग सैल. हे दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुतारकामाच्या मापात सांगायचं तर जाड पातं एक सूत (इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिमी) खातं, पातळ पातं पाऊण सूत. यापेक्षा जास्त खात असेल तर दोष पात्याच्या बसण्यात आहे.

तुकडा क्लॅम्पमधून सोडू नका. तीच खाच आता तुमचं माप आहे.

रेघ जुळवणं

लेझरच्या डब्यावर बहुधा दोन किंवा तीन छोटे स्क्रू असतात, २ किंवा २.५ मिमीच्या अ‍ॅलन कीचे किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरचे. एक रेघ स्वतःभोवती फिरवतो, एक तिला डावी-उजवी सरकवतो, तिसरा असेल तर तो कुलपाचा. कुठला कशाचा हे मॅन्युअलमध्ये असतं. ते हाताशी नसेल तर एक स्क्रू पाव फेरा फिरवा, रेघ काय करते ते बघा आणि तेवढाच परत आणा. कुलपाचा स्क्रू ढिला न करता बाकीचे दाबून फिरवू नका, प्लास्टिकचे आटे लगेच झिजतात.

इथे धोका एक आहे, तो आधीच सांगतो. विजेवर चालणाऱ्या पुष्कळ यंत्रांत लेझर मुख्य वायरवरूनच पेटतो, म्हणजे जुळवताना प्लग काढता येत नाही. त्यामुळे जुळवताना मूठ धरू नका, स्विचच्या जवळ बोट नको, सुरक्षा कुलूप असेल तर ते लागलेलं हवं, आणि गार्ड जागेवर. सेलवर चालणारा स्वतंत्र लेझर असेल तर प्लग काढूनच काम करा. डोकं खाली-वर करून बघायचं असतं तेव्हाही हेच. रेघ कागदावर किंवा लाकडावर बघायची, भिंगाकडून थेट डोळ्यात नाही. हे लेझर सहसा दुसऱ्या वर्गाचे, १ मिलिवॉटच्या आतले असतात, तरी रोखून बघण्यासारखे नाहीत.

आता क्रम महत्त्वाचा आहे आणि गफलत इथेच होते. बहुतेक जण रेघ खाचेवर आणून बसवतात आणि काम झालं म्हणतात. दुसऱ्या दिवशी १८ मिमी प्लाय बरोबर कापला जातो, पण ५० मिमी जाडीचा चौकटीचा खांब चुकतो.

कारण लेझरमधून निघते ती नुसती रेघ नसते, पंख्यासारखा पसरलेला प्रकाशाचा एक पातळ पडदा असतो. लाकडाला तो जिथे छेदतो तिथे आपल्याला रेघ दिसते. हा पडदा पात्याच्या प्रतलाशी समांतर असेल तर लाकूड कितीही जाड असो, रेघ त्याच जागी पडते. पडदा थोडा जरी कलला असेल तर टेबलावर रेघ बरोबर दिसते आणि उंचीवर सरकते. ६० मिमी उंचीवर १ मिमी सरकत असेल तर १८ मिमीवर ०.३ मिमी आणि ५० मिमीवर ०.८ मिमीपेक्षा जास्त चूक. पातळ लाकडावर ही चूक पेन्सिलच्या रेघेत लपून जाते, जाड लाकडावर सांधा उघडा पडतो.

म्हणून आधी समांतरता, मग सरकवणं.

पहिलं: रेघ खाचेच्या आसपास आणा आणि खाचेच्या दोन्ही टोकांना कडेपासूनचं अंतर सारखं आहे का बघा. पुढे एक आणि मागे दुसरं असेल तर फिरवायचा स्क्रू वापरा.

दुसरं: फेन्सला टेकवून एक सपाट फळी उभी करा, ७० ते १०० मिमी उंचीची, खाचेच्या अगदी मागे. गुण्या धरून तिच्यावर खाचेच्या उजव्या कडेपासून वर जाणारी उभी रेघ काढा. लेझरची रेघ या उभ्या रेघेशी समांतर वर गेली पाहिजे. कलत असेल तर लेझरचा डबा कललेला आहे. काही यंत्रांत यासाठी वेगळा स्क्रू असतो. नसेल तर डब्याचे बसवणीचे स्क्रू ढिले करून एका बाजूला पातळ पत्र्याची किंवा शीतपेयाच्या कॅनमधून कापलेल्या पट्टीची पाचर द्यावी लागते. दोन-तीन वेळा मागे-पुढे करावं लागेल, कारण कल काढताना आडवी रेघ पुन्हा थोडी फिरते. कंटाळवाणं काम आहे, पण लेझरचा भरवसा याच्यावरच अवलंबून आहे.

तिसरं: प्लग काढलेला असेल तर डोकं हळूहळू खाली आणा आणि रेघेकडे लक्ष ठेवा. मधेच ती डावी-उजवी झाली तर पडदा अजून समांतर नाही, किंवा डोकं ज्यावर वर-खाली फिरतं तो खिळा सैल आहे. कुठलं, ते ओळखायला डोकं वर असताना पात्याच्या बाजूने बोटाने हलकं ढकलून बघा. पातं आणि रेघ दोन्ही एकदम हलत असतील तर खिळा, फक्त रेघ हलत असेल तर लेझरचा डबा.

चौथं: आता सरकवायचा स्क्रू. लेझरची रेघ स्वतःच ०.५ ते १ मिमी रुंद असते, लांब गेली की आणखी पसरते. मग खाचेच्या कडेला तिचा कुठला भाग लावायचा? मध्य नाही. रेघेची कामाच्या तुकड्याकडची कड खाचेच्या कडेशी जुळवा, म्हणजे रेघेचा सगळा प्रकाश खाचेत पडेल आणि कामाच्या बाजूला लाकूड स्वच्छ दिसेल. तुमच्या यंत्रावर उजवी कड पकडली असेल तर प्रकाश खाचेच्या उजव्या काठाच्या आत दिसला पाहिजे. मग रोजच्या कामात नियम साधा होतो: जिथे लाल उजेड आहे ते लाकूड जाणार, जिथे नाही ते राहणार. पेन्सिलची रेघ राखायची असेल तर उजेड तिच्या टाकाऊ बाजूला नुसता टेकवा.

कुलपाचा स्क्रू घट्ट करा आणि पुन्हा बघा. घट्ट करतानाच रेघ पाव मिमी सरकते, हे इतकं नेहमीचं आहे की मुद्दाम थोडं आधी थांबून कुलूप लावायची सवय करावी. स्क्रू कंपनाने सुटत असतील तर नेलपॉलिशचा एक थेंब आट्याच्या तोंडाशी द्या. बोल्ट पक्के करायला मिळणारं लॉकिंग द्रव प्लास्टिकच्या डब्यावर वापरू नका, त्याने काही प्लास्टिकला तडे जातात.

शेवटी खरा काप. नवीन तुकड्यावर मार्किंग नाइफने किंवा ०.५ च्या पेन्सिलने रेघ काढा, लेझर तिला टेकवा, आरपार कापा. पेन्सिलची रेघ कामाच्या तुकड्यावर अखंड राहिली पाहिजे आणि तिच्यापलीकडे पांढरं लाकूड उरता कामा नये. पातळ प्लायवर एकदा आणि ५० मिमीच्या तुकड्यावर एकदा. टेबल ४५ अंशांवर फिरवून एकदा, आणि डोकं ४५ अंश झुकवून एकदा. लेझर डोक्यावर बसवलेला असेल आणि पडदा समांतर असेल तर झुकवल्यावरही तो पात्याबरोबर झुकतो आणि बरोबर राहतो. फक्त झुकवल्यावरच चुकत असेल तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

दोन रेघांचे लेझर

ज्यात काप दोन्ही बाजूंनी दाखवणाऱ्या दोन रेघा असतात त्यात वरचाच हिशेब. दोन्ही स्वतंत्र सरकत असतील तर पातं बदलल्यावर मोटारीकडची रेघ तशीच ठेवा, फक्त बोल्टकडची आत-बाहेर करा. दोघींतलं अंतर कारखान्यातच बांधलेलं असेल तर ते एकाच जाडीच्या पात्यासाठी खरं आहे. वेगळं पातं लावलं की दोन्ही कडा जुळवायचा हट्ट सोडा, एक कड जुळवा आणि दुसऱ्या रेघेकडे दुर्लक्ष करा.

डिवॉल्टच्या डीडब्ल्यूएस ७८० सारख्या यंत्रांत लेझरऐवजी पात्याच्या वर एलईडी असतो आणि पात्याची सावली लाकडावर पडते. इथे पातं बदलल्याने काही जुळवावं लागत नाही, कारण सावली त्याच पात्याची असते, दोन्ही कडांसकट. त्याची अडचण वेगळी: पातं लाकडाच्या जवळ आणावं लागतं तेव्हाच सावलीची कड धारदार होते, आणि भर उन्हात ती फिकी पडते. पाती सारखी बदलणाऱ्याला यंत्र नव्याने घ्यायचं असेल तर ही सोय लेझरपेक्षा उजवी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिरक्या कापाचा हिशेब

फ्रेम आणि बिडिंगवाले इथे अडकतात. २.८ मिमीचं पातं काटकोनात २.८ मिमी लाकूड खातं, पण टेबल ४५ अंशांवर असेल तर पट्टीच्या लांबीत तोच काप ३.९६ मिमी जागा घेतो. २.४ चं पातं ३.४ मिमी. लेझरची रेघही त्याच प्रमाणात रुंद होते. म्हणून मधोमध लावलेला लेझर ४५ अंशांवर आणखी फसवतो: अर्धा काप १.४ धरून बसलात तर प्रत्यक्षात तो जवळपास २ मिमी असतो. रेघ कडेला असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कड ती कडच राहते.

एकाच पट्टीतून तुकडे काढताना कापांची बेरीजही धरा. २४०० मिमीच्या पट्टीतून ३०० चे आठ तुकडे कागदावर बसतात. सात कापांत २.८ च्या पात्याने १९.६ मिमी जातात आणि शेवटचा तुकडा २८०.४ चा येतो. म्हणून अशा पट्टीवर सगळी मापं एकदम आखून ठेवू नका. एक कापा, मग पुढचं आखा, किंवा स्टॉपर लावा आणि लेझर विसरून जा. सारख्या मापाचे दहा-वीस तुकडे काढायचे असतील तर फेन्सला क्लॅम्प केलेला लाकडी ठोकळा लेझरपेक्षा केव्हाही बरा. त्याच्या बुडाशी मात्र छोटी तिरकी चेंफर काढा, नाहीतर तिथे भुसा साचतो आणि तुकडे हळूहळू आखूड होत जातात.

रेघ बरोबर, तरी काप चुकतो

लेझरला दोष देण्याआधी एक चाचणी करा. लेझर बंद. प्लग काढून डोकं खाली आणा, दाताची बाजू पेन्सिलच्या रेघेला हाताने टेकवा, लाकूड क्लॅम्प करा, डोकं वर न्या, प्लग लावा, कापा. तरीही चुकत असेल तर लेझरचा काही संबंध नाही. लाकूड पात्याबरोबर ओढलं जातंय, फेन्सचे डावे-उजवे दोन भाग एका रेषेत नाहीत, पट्टी कमानदार आहे आणि पोकळ बाजू फेन्सला लागली आहे, किंवा पात्याचे एका बाजूचे दात बोथट झालेत आणि ते दुसरीकडे पळतं. शेवटची खूण अशी की कापाच्या एकाच बाजूला भाजल्याचा काळा डाग असतो.

पातळ पात्याची स्वतःचीही खोड आहे. १.६ मिमीचा पत्रा साग, साल, बाभूळ अशा लाकडात जोरात दाबला तर वाकतो आणि काप वरून बरोबर, खाली तिरका निघतो. लेझर वरची कड दाखवतो, खालची नाही. अशा लाकडाला हळू जा, पात्याला पूर्ण वेग घेऊ द्या, नाहीतर एक सूत खाणारं जाड पातंच वापरा. पातळ पात्याने वाचणारा ०.८ मिमी माल चौकटीच्या कामात कुणाला दिसत नाही, तिरका काप दिसतो.

देखभाल

भिंगावर भुसा बसला की रेघ जाड, केसाळ किंवा तुटक दिसते आणि लोकांना वाटतं लेझर गेला. मऊ कापसाला थोडं आयसोप्रोपिल लावून हलक्या हाताने पुसा. आधी फुंकर मारून सुटा भुसा उडवा, नाहीतर तोच भिंगावर ओरखडे काढतो. फर्निचरच्या साइटवर थिनर हाताशी असतो म्हणून थिनर लावू नका. बहुतेक भिंगं प्लास्टिकची असतात, एका पुसण्यात ती दुधी होतात. एमडीएफ कापल्यानंतर हे रोज, सागवानात दोन-तीन दिवसांनी.

उघड्यावर, गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडच्या तोंडाशी लाल रेघ दुपारी दिसत नाही. शक्ती वाढवलेला लेझर शोधू नका, यंत्राला सावली करा. त्याच शक्तीची हिरवी रेघ डोळ्याला बरीच उजळ दिसते, म्हणून बदली डबा घ्यायचाच झाला आणि हिरवा बसत असेल तर तो घ्या. पण बदली डबा बसवल्यावर वरच्या सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून कराव्या लागतात. गडद अक्रोडी व्हीनियरवर रेघ बुडते, चकचकीत लॅमिनेटवर आणि अ‍ॅल्युमिनियमवर ती फाकते आणि भलतीकडे परावर्तित होते. तिथे मास्किंग टेपची पट्टी लावा, माप टेपवरच आखा. लॅमिनेटच्या कपच्या उडणंही त्याने कमी होतं. अ‍ॅल्युमिनियमसाठी मात्र लाकडाचं पातं वापरू नका, दातांचा कोन उणे असलेलं वेगळं पातं येतं. त्याचा काप सहसा जाड असतो, तेव्हा डावी-उजवीचा वरचा हिशेब पुन्हा आला.

ज्यांना हे सगळं नको असेल त्यांच्यासाठी बिनखर्चाची सोय अशी. फेन्सच्या भोकांतून मागून स्क्रू घालून १२ मिमी एमडीएफची, ८० मिमी उंचीची सलग पट्टी फेन्सवर चढवा. स्क्रू पात्याच्या वाटेपासून दोन्हीकडे किमान ५० मिमी लांब ठेवा. टेबलावर ६ मिमी प्लायचा तळ दुहेरी टेपने चिकटवा. आता पातं खाली आणून पट्टी कापा, पण तळ आरपार कापू नका. पट्टीतली चीर म्हणजे तुमच्याच पात्याचा काप, दोन्ही कडांसकट. पेन्सिलची रेघ चिरेच्या कडेला लावली की झालं, सेल नको, ऊन आड येत नाही, आणि मागच्या बाजूने लाकडाला आधार मिळाल्याने कड फाटत नाही. पातं बदललं की चीर थोडी रुंद होते किंवा पात्यापेक्षा रुंद राहते, तेव्हा पट्टी १०० मिमी बाजूला सरकवून नवीन चीर घ्या. १२०० मिमीच्या पट्टीत अशा बऱ्याच चिरा बसतात. प्रत्येकीवर पात्याचा आकडा लिहून ठेवला तर जुनं पातं परत चढवल्यावर पट्टी सरकवून तीच चीर पुन्हा वापरता येते, फक्त पातं थांबलेलं असताना ते चिरेत न घासता उतरतं का, ते आधी बघून घ्या. ४५ अंशांच्या कामाला मात्र वेगळी पट्टी ठेवा. त्याच पट्टीत तिरका काप घेतला की काटकोनाची चीर पसरते आणि कामातून जाते.